गोळीसोबत व्यायामही लिहून द्या



दरवर्षी १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या सुमारास एचआयव्हीबद्दल जे छापून येते, ते बहुतेक संसर्ग कसा टाळावा याबद्दल असते आणि तरुणांना उद्देशून असते. ते हवेच. पण ज्यांना संसर्ग होऊन वीस-पंचवीस वर्षे झाली आणि जे औषधांच्या बळावर जगले, त्यांचे पुढे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधांचे उपचार १ एप्रिल २००४ रोजी देशातल्या आठ केंद्रांत सुरू केले, त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्या वेळी पस्तिशीत असलेला माणूस आज पन्नाशी ओलांडून साठीकडे निघाला आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात चार लाखांच्या घरात, म्हणजे देशात सर्वांत जास्त आहे, आणि त्यांतले बरेच जण आता म्हातारपणाच्या उंबरठ्यावर आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या या लोकांना केंद्रातून जशी गोळी मोजून मिळते, तसाच ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायामही ठरवून, शिकवून आणि त्याची नोंद ठेवून मिळाला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. ‘थोडे चालत जा’ असा जाता जाता दिलेला सल्ला पुरेसा नाही.

गोळी विषाणूला दाबून ठेवते. रक्तातले विषाणूंचे प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, सापडेनासे झाले की केंद्राच्या दृष्टीने रुग्ण स्थिर झाला, आणि त्याला एकदम काही महिन्यांची औषधे देऊन घरी पाठवले जाते. मात्र विषाणू दबला तरी शरीरात मंद दाह चालू राहतो. त्यामुळे रक्तवाहिन्या, हाडे आणि स्नायू वयाच्या आधी थकतात. हृदयविकाराचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे दुप्पट असल्याचे २०१८ साली जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले. त्यात औषधांचा वाटा वेगळा. सुरुवातीच्या वर्षांत ज्यांनी स्टॅव्ह्यूडिन घेतले, त्यांच्यापैकी अनेकांच्या पायांना आजही मुंग्या येतात, पावलांना जमीन नीट कळत नाही. टेनोफोविरने हाडांची घनता काही प्रमाणात कमी होते. आताच्या डोल्युटेग्राविरवर काहींचे वजन वाढते, आणि ते स्नायूंचे नसून बहुधा चरबीचे असते. पाय बधिर, मांड्या कमजोर आणि हाडे ठिसूळ अशा माणसाचा ओल्या न्हाणीघरात तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले, तर वीस वर्षे नेमाने घेतलेली गोळी त्याला पुन्हा उभे करू शकत नाही.

व्यायामाने यात फरक पडतो, याला पुरावा आहे. एरोबिक व्यायामावरच्या २४ अभ्यासांचा आढावा २०१६ साली आणि वजने किंवा इलॅस्टिक पट्ट्या वापरून केलेल्या ताकदीच्या व्यायामावरच्या २० अभ्यासांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. प्रकृती स्थिर असलेल्या एचआयव्हीग्रस्त प्रौढांना आठवड्यातून तीनदा केलेला व्यायाम सुरक्षित आहे, त्याने दम आणि ताकद वाढते, असा दोन्हींचा निष्कर्ष आहे. सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींवर किंवा व्हायरल लोडवर व्यायामाचा लक्षणीय परिणाम दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. व्यायाम गोळीची जागा घेत नाही, तसा दावा करणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नये. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने ५० ते ७५ वयाच्या, बैठे आयुष्य असलेल्या लोकांना २४ आठवडे देखरेखीखाली व्यायाम दिला. काहींना एचआयव्ही होता, काहींना नव्हता. सुरुवातीला एचआयव्ही असलेले मागे होते. शेवटी दोन्ही गट सुधारले, आणि एचआयव्ही असलेल्यांत ज्यांनी जोरकस व्यायाम केला त्यांची ताकद मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक वाढली. म्हणजे ‘यांना जपून, हलकेच काहीतरी द्या’ ही आपली सहानुभूती त्यांचे नुकसानच करत असावी. हे अभ्यास लहान आहेत आणि त्यांत पाश्चात्त्य पुरुषांचा भरणा आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. विदर्भातल्या साठीच्या विधवा शेतमजूर बाईवर तोच परिणाम तेवढाच होईल असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण स्नायू वापरला की वाढतो, हा नियम देश पाहून बदलत नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शारीरिक हालचालींच्या मार्गदर्शिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा नाव घेऊन समावेश केला आहे.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप वेगळाच आहे: जी बाई दिवसभर कापूस वेचते, निंदण करते, सोयाबीन सोंगते, तिला व्यायाम कशाला सांगता? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. निंदणात कंबर तासन्‌तास वाकलेली राहते, गुडघे मुडपलेले असतात, हात तीच ती हालचाल करत राहतात. त्यात विश्रांती केव्हा घ्यायची हे शरीर ठरवत नाही, मुकादम किंवा ढग ठरवतात. व्यायामात ओझे थोडे थोडे वाढवतात, मध्ये एक दिवस सोडतात आणि ज्या स्नायूंकडे काम लक्ष देत नाही त्यांनाही कामाला लावतात. डेन्मार्कमध्ये एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत २०२१ साली असे दिसले की फुरसतीच्या वेळच्या हालचालीने हृदयविकाराचा धोका घटतो, तर कामाच्या जागच्या जड हालचालीने तो वाढतो. तिथले कामगार आणि आपले शेतमजूर सारखे नाहीत, तरी कष्ट केले म्हणजे व्यायाम झाला ही समजूत त्याने नक्कीच डळमळते. शिवाय हंगाम संपला की काम संपते, आणि वय झाले की रोजीला कोणी बोलावत नाही. अंगातली ताकद मग काही महिन्यांतच ओसरते.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. रक्त कमी असेल, क्षयरोगाचा उपचार नुकताच सुरू झाला असेल, ताप असेल, छातीत दुखत असेल तर आधी ते पाहावे लागेल. पुरेशी डाळ पोटात न जाता स्नायू बांधला जाणार नाही. म्हणून व्यायामाआधी हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासणे, आणि संजय गांधी निराधार योजनेचा लाभ मिळतो की नाही याची चौकशी करणे, ही कामे याच कार्यक्रमाचा भाग असली पाहिजेत. पण अन्न कमी आहे म्हणून व्यायाम नको, असा निष्कर्ष काढला तर आपण त्या माणसाकडून दोन्ही गोष्टी काढून घेतो.

तिसरा आक्षेप लोकलाजेचा. आमच्या हिंगणीसारख्या गावात ‘एचआयव्हीवाल्यांचा व्यायामवर्ग’ भरवला तर एकही माणूस येणार नाही, आणि आला तर त्याचे गावात राहणे कठीण होईल. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणालाही आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. तेव्हा वर्ग गावातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांसाठी असावा. मधुमेह, गुडघेदुखी, रक्तदाब असलेले शेजारी त्यात असतीलच आणि त्यांचाही फायदाच होईल. एआरटी केंद्राने फक्त आपल्या रुग्णाला, बंद दाराआड, ‘या वर्गाला जा’ एवढे सांगावे. कोण कशासाठी आले हे शिकवणाऱ्यालाही कळायचे कारण नाही. कोणाला काय झेपेल हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर आजाराचे नाव न लिहिता कळवावे.

राहिला माणसांचा आणि पैशांचा प्रश्न. एआरटी केंद्राच्या मंजूर पदांत डॉक्टर, समुपदेशक, परिचारिका, औषधनिर्माता असतात, फिजिओथेरपिस्ट नसतो. पण वर्धा जिल्ह्याची स्थिती राज्यातल्या अनेक जिल्ह्यांपेक्षा बरी आहे. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, खेड्यांत जाऊन काम करण्याची त्याची परंपरा आहे. सावंगी (मेघे) इथे फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. त्याच्या इंटर्न विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा सेलू तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात येऊन शिकवावे, आठवड्यातल्या तीन वर्गांपैकी उरलेले दोन तिथल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याने घ्यावेत. साहित्य म्हणजे भक्कम खुर्ची, पाण्याने भरलेल्या बाटल्या आणि इलॅस्टिक पट्ट्या. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, फिजिओथेरपी त्यात धरलेलीच आहे. एड्स नियंत्रणाचे अधिकारी आणि तो कार्यक्रम पाहणारे अधिकारी एकत्र बसले तर नव्या योजनेची वाट पाहावी लागणार नाही. वर्गाचा उपयोग झाला की नाही हे ठरवणेही सोपे आहे. हातांचा आधार न घेता तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, ते सुरुवातीला मोजावे आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजून रुग्णाच्या पुस्तिकेत लिहावे. सहा महिन्यांत हा आकडा वाढला नाही, तर वर्गाची पद्धत बदलावी. वाढला, तर तालुक्यातल्या इतर आरोग्य केंद्रांतही असे वर्ग सुरू करण्याचा आदेश जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी काढावा.

— एक वाचक, हिंगणी (ता. सेलू, जि. वर्धा)