जुनेपणाचे सोंग

‘कॅस्लन अँटिक’ हा इंग्रजी टाइप पाहावा. कडा झिजलेल्या, रेषा खडबडीत. जणू शतकानुशतके छापून खिळे थकले आहेत! वस्तुतः १८९० ते १९०० ह्या दशकात शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर ह्या फाउंड्रीने ते मुद्दाम तसे ओतले. प्रथम नाव ठेविले ‘पंधरावे शतक’. पुढे लंडनचे थोर अक्षरकार विल्यम कॅस्लन (१६९२–१७६६) ह्यांचे नाव दिले, वळणाचे काही नाते नसताना.

शीर्षकापुरते हे सोंग शोभते. रंगभूमीवर तरुण नटही वृद्ध होतोच. परंतु जुने दिसते म्हणून ते खरे मानणे घातक होय. विद्यार्थिमित्रहो, अक्षरांच्या झिजेवरून कागदाचे वय ठरवू नका. तो कोणी व केव्हा छापिला, हे आधी विचारा.