अपमानाचा भाव काय?

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर माथा टेकवून झाला की आमच्या गावची माणसं दुसऱ्या दिवशी गेटवे बघायला जातात. रांगेत उभं राहून पाय सुजलेले, शिवाजी पार्कच्या मांडवात रात्र काढलेली, पिशवीत चार पुस्तकं आणि वाळलेल्या भाकरी. मागच्या खेपेला आजीला घेऊन गेलो. तिनं समुद्र पाहिला, कमान पाहिली, आणि मग समुद्राकडे पाठ करून त्या लाल घुमटाकडे बघत राहिली.

"ह्यो कुनाचा राजवाडा रं?"

"राजवाडा न्हाई आजी, हाटेल हाय. ताजमहाल."

"मंग आत च्या मिळंल का?"

मी हसलो. हसायला नको होतं. तिचा प्रश्न बरोबर होता. हॉटेल म्हणजे जिथं चहा मिळतो. तिच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्यासाठी कान तुटलेला कप वेगळा असायचा, बाहेर कोनाड्यात. पिऊन झाला की स्वतःच विसळून परत ठेवायचा. तरी चहा मिळायचा. इथं आम्ही आत गेलोच नाही. कुणी अडवलं नाही. अडवायची वेळच आली नाही. आपण स्वतःच कबुतरांना चणे टाकून परत फिरतो.

पुढच्या रविवारी वाचनालयात एका पेपरची पुरवणी हाताला लागली. तिच्यात याच हॉटेलवर पानभर लेख. असले लेख दर दोनचार वर्षांनी येतात आणि गोष्ट ठरलेली असते. जमशेटजी टाटांना काळा घोड्याजवळच्या गोऱ्यांच्या वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला, अपमान जिव्हारी लागला, म्हणून त्यांनी अपोलो बंदरावर हा महाल उभा केला. गोष्ट फर्मास आहे. फक्त तिला पुरावा नाही. जाणकार तिच्यावर केव्हापासून शंका घेतात. पण पुरवणीवाल्याला शंका परवडत नाही. अपमान गिळून महाल बांधणारा माणूस त्याच्या वाचकाला आवडतो. वाचकाला वाटतं, हा आपलाच अपमान, आणि महालही आपलाच.

दोस्तांनो, मला या गोष्टीशी भांडायचं आहे. ती खोटी असेल म्हणून नाही. खरी असली तरी भांडायचंच आहे.

आधी जे खरं ते सांगतो. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं. तेव्हा गेटवेची कमान नव्हती. ती १९२४ ला पुरी झाली. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, शेवट केला डब्ल्यू. ए. चेंबर्स या गोऱ्यानं. खर्च अडीच लाख पौंडांच्या आसपास सांगतात. आत विजेचे दिवे, अमेरिकन पंखे, जर्मन लिफ्ट, तुर्की हमामखाना आणि पाहुण्यांच्या दिमतीला इंग्रज बटलर. पंखा आणि जोडून न्हाणीघर असलेल्या खोलीला एका दिवसाचे तेरा रुपये. १९३३ ला हार्बर बार आला, १९७३ ला शेजारी उंच टॉवर उभा राहिला. पूर्वी दरवाजा शहराच्या बाजूला होता. आता दरवाजा समुद्राकडे आणि जुन्या दरवाज्याच्या बाजूला पोहण्याचा तलाव.

आता या यादीच्या बाजूला दुसरी यादी ठेवू. पुरवणीत ती नसते.

तेरा रुपये रोज. त्या काळी गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस महिनाभर राबून याच्याच आगंमागं घरी न्यायचा. मी आज सूतगिरणीत रिंगवर आहे. माझ्या महिन्याच्या पगारात त्या हॉटेलात एक रात्र नीट निघत नाही. म्हणजे सव्वाशे वर्षांत हिशेब जागचा हलला नाही.

विजेचे दिवे. हॉटेल विजेनं उजळलं याचं केवढं कौतुक. मुंबईच्या गिरण्यांतही १९०५ च्या सुमारास वीज आली. तोवर अंधार पडला की साचे बंद करावे लागत. सूर्य हाच आमचा एकमेव युनियन लीडर होता. दिवे आले आणि तोही गेला. कामाचा दिवस तेरा-चौदा तासांवर चढला. कामगार त्या दिव्यांविरुद्ध उठले. १९११ च्या कायद्यानं कापडगिरण्यांना बारा तासांचं बंधन घातलं, तेव्हा कुठं थोडा श्वास मिळाला. तीच वीज. तिकडं तिनं पाहुण्याचा पंखा फिरवला, इकडं आमची रात्र कापून मालकाच्या दिवसाला जोडली.

हे मी ओढूनताणून जोडत नाही. हॉटेल बांधणारा माणूस गिरणीवाला होता. चिंचपोकळीची अलेक्झांड्रा, नागपूरची एम्प्रेस, कुर्ल्याची स्वदेशी. म्हणून गिरणीत आमचा अपमान कसा चालायचा, ते इथंच सांगतो.

विणाईखात्यात धोटा असतो. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून ओठांनी ओढून बाहेर काढायचं. एकाचा धोटा दुसऱ्याच्या हाती जातो, म्हणजे तोंडीही जातो. म्हणून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला विणाईखात्यात घेत नसत. विणाईला पगार जास्त. आम्ही साचाखात्यात, कमी पगारावर. माझा पणजा तिथंच उभा राहून म्हातारा झाला. आजाही साचाखात्यातलाच. तो सांगायचा, बाप विणाईखात्याच्या दारात निरोप द्यायला गेला तरी लोक धोटे बाजूला घ्यायचे.

आता नीट बघा. सूत कोण कातत होतं? आम्ही. आमच्या बोटांतून आलेलं सूतच तो विणकर तोंडात धरत होता. आम्ही कातलेलं सूत त्यांच्या तोंडाला चालत होतं. आमचं तोंड त्या सुताला चालत नव्हतं.

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला. आमच्या माणसाला प्रत्येक खात्यात काम करायचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर आमची माणसं संपात नाहीत. लाल झेंडेवाल्यांनी कुरकुरत मान्य केलं. मालकांनी हात झटकले. म्हणाले, यात आमचा काय दोष? खरंच, कुणाचाच दोष नसतो. धोटा आपोआपच बाटतो!

या अपमानातून महाल उभा राहिला नाही. ज्यांचा झाला त्यांच्याकडं पौंड नव्हते.

आणि आता जी गोष्ट सांगतो तिला पुरावा आहे. ज्याचा अपमान झाला त्यानं ती स्वतःच्या हातानं लिहून ठेवली. १९१७ साल. बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनला शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. राहायला जागा नाही. हिंदूंच्या खानावळीत घेणार नाहीत म्हणून एका पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव लावून राहिले. भाडं जेवणासकट दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, नळाची न्हाणी, बाजूला अडगळीनं भरलेला अंधारा हॉल, वटवाघळं आणि एक कंदील. वीज नाही. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. तू कोण? संध्याकाळपर्यंत खोली खाली कर. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडं जागा मागितली. दोघांनी सबब सांगितली. मग कामाठी बागेत बसून राहिले, आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. हे लिखाण १९९० ला पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं छापलं.

मी इथं पारशी समाजाला शिव्या देत नाही. हाकलणारे पारशी होते, दार न उघडणारे हिंदू आणि ख्रिस्ती होते. विटाळ सगळ्यांनी वाटून घेतला होता. मला एवढंच विचारायचं आहे. एका माणसाला हॉटेलातून परत पाठवल्याची गोष्ट, पुराव्याशिवाय, सगळ्या देशाला पाठ. दुसऱ्या माणसाला खोलीतून काठ्यांनी काढल्याची गोष्ट, त्याच्याच अक्षरातली, आणि ती त्या पुरवणीत एका ओळीचीही नाही. का? अपमानाचा भाव माणसाच्या खिशावरून ठरतो का? की जातीवरून?

पुरवणीवाला म्हणेल, बाबासाहेबांनी बांधलेलं हॉटेल दाखव.

दाखवतो. भारताच्या घटनेचं कलम १५ काढ. दुसरं पोटकलम वाच. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही तिथं अडवता येणार नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते ते तुला माहीत आहे. बडोद्याची खोली त्या कलमात आहे. १९२७ चं महाडचं चवदार तळं त्या कलमात आहे. आजीचा कान तुटलेला कपही त्याच कलमात आहे. जमशेटजींनी एक हॉटेल बांधलं. बाबासाहेबांनी देशातल्या प्रत्येक हॉटेलाच्या दारावरची पाटी कायद्यानं काढली. यात मोठा अपमान कुठला, आणि मोठं बांधकाम कुठलं?

कुणी म्हणेल, हा आंधळा द्वेष आहे. नाही. जमशेटजींच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ ला पेन्शन फंड निघाला, १८९५ ला अपघाताची भरपाई सुरू झाली. बाकीच्या मालकांना तेवढीही लाज नव्हती. पहिल्या महायुद्धात याच हॉटेलात सहाशे खाटांचं इस्पितळ होतं. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाहुण्यांना वाचवताना तिथले नोकर मेले. ते पगारी माणसं होती, आपलीच होती. त्यांना सलाम. पण त्याच रात्री सीएसटीच्या फलाटावर पन्नासहून जास्त माणसं मेली. घरी निघालेली, ट्रंकेवर बसलेली. टीव्हीवर मात्र घुमट जळत राहिला. मरणालाही पत्ता लागतो.

कायद्यानं पाटी काढली. तिच्या जागी दरपत्रक लागलं. दरपत्रकाला जात नसते असं म्हणतात. मग मला सांगा, साचाखात्यात कमी पगारावर कोण उभं होतं? १८ जानेवारी १९८२ च्या संपात कुणाच्या घरात आधी चूल विझली? लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे आणि पंचतारांकित हॉटेलसुद्धा. जिथं भोंगा वाजायचा तिथं आता दरवान दार उघडतो. आमच्यातला कुणी आत असेल तर बहुतेक चादर बदलायला.

म्हणून महालाच्या गोष्टीत रमू नका. आपल्याला आपली गोष्ट हवी. घरात म्हातारं माणूस उरलं असेल तर आजच विचारा : कुठल्या खात्यात होतास? विणाईखात्यात का नव्हतास? कप कुठं ठेवायचे? जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत कागदावर उतरवा आणि या अंकाकडं पाठवा. व्याकरण बघू नका. बाबासाहेबांनी बडोदं लिहून ठेवलं नसतं तर तीही आज ऐकीव गोष्टच राहिली असती.

परतताना आजीनं टपरीवर चहा घेतला. काचेचा ग्लास, सगळ्यांसारखाच. पिऊन झाल्यावर ती तो विसळायला निघाली. मी हात धरला.

"ऱ्हाऊ दे आजी. ते त्यांचं काम हाय."

तिनं ग्लास खाली ठेवला. पण कितीतरी वेळ ती त्याच्याकडं बघत होती.