पोटोमॅककाठच्या जलपाशांसाठी

प्रति,
संचालक, नॅशनल पार्क सर्व्हिस, वॉशिंग्टन

महोदय,

चेसापीक-ओहायो कालवा वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून पोटोमॅक नदीच्या काठाने कंबरलँडपर्यंत सुमारे २९७ किलोमीटर जातो. त्याचे काम ४ जुलै १८२८ रोजी सुरू झाले आणि १८५० मध्ये संपले. रेल्वे कंबरलँडला आठ वर्षे आधीच पोहोचली होती. ओहायो नदी गाठण्याचा मूळ बेत सोडून द्यावा लागला. तरीही खेचरांनी ओढलेल्या होड्या १९२४ च्या पुरापर्यंत कोळसा वाहत राहिल्या.

या वाटेवर ६०५ फुटांचा चढ आहे. तो ७४ जलपाशांनी, म्हणजे लॉकांनी, पार केला. प्रत्येक जलपाश म्हणजे सुमारे १०० फूट लांब, १५ फूट रुंद दगडी हौद. त्याच्या दोन्ही टोकांच्या दरवाजांची फळ्यांची जोडी प्रवाहाच्या उगमाकडे टोक करून मिटते, त्यामुळे पाण्याचा दाबच ती घट्ट धरतो. दरवाजातल्या झडपा उघडून हौद भरला की होडी साधारण आठ फूट वर येते. होडी कधीही यावी, म्हणून जलपाशाचा राखणदार शेजारच्याच घरात राही.

खेचरांच्या जुन्या वाटेने चालताना हे सारे क्रमाने दिसते: सेनेकाचा तांबडा वालुकाश्म, मोनोकसीचा सात कमानींचा जलसेतू, नदीची वळणे टाळणारा ३,११८ फुटांचा पॉ-पॉ बोगदा. सेनेकाच्या वर मात्र कालवा बहुतेक ठिकाणी कोरडा आहे. कोरड्या जलपाशाच्या भिंती उभ्या दिसतात, पण त्याचे काम कळत नाही. सांध्यांत रुजलेली झाडे दगड सरकवतात आणि प्रत्येक पूर चुना धुऊन नेतो.

ही वाट वाचली ती चालण्यामुळेच. तिच्यावर मोटाररस्ता करण्याच्या कल्पनेला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने १९५४ मध्ये पाठिंबा दिला, तेव्हा न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आपल्याबरोबर चालून पाहण्याचे आव्हान दिले. मार्चमध्ये कंबरलँडहून निघालेल्या त्या पदयात्रेनंतर वृत्तपत्राने आपले मत बदलले आणि १९७१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला.

वाट सुरक्षित झाली, आता जलपाशांची पाळी आहे. विल्यम्सपोर्टच्या कोनोकोचीग जलसेतूची भिंत १९२० मध्ये कोसळली होती; २०१९ मध्ये आपल्या संस्थेने त्यात पुन्हा पाणी खेळवले. वरच्या टप्प्यातील आणखी काही निवडक जलपाशांना असेच पाणी आणि चालते दरवाजे मिळावेत. उरलेल्या जलपाशांच्या भिंतींतली झाडे दरवर्षी काढावीत आणि सांधे मूळच्यासारख्या चुन्याने भरावेत. ज्या यंत्रणेवर हा कालवा चालत असे, ती पुढच्या पिढ्यांना चालताना दिसली पाहिजे.

कळावे,
एक वाटसरू