स्विचलाही खंडेनवमी हवी!

‘चालतंय ना? मग हात लावू नका!’ भोसरीपासून चाकणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात हे वाक्य ऐकलं नाही असा इंजिनिअर सापडणं कठीण. लाइन चालू असताना उगाच मशीनमध्ये बोट घालू नये, हे खरंच आहे. पण हाच नियम नेटवर्कच्या जुन्या स्विचला लावला जातो तेव्हा मला तो पटत नाही. का, ते सांगते.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रांनो, स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे! हॉस्टेलच्या जिन्याखाली कुलूपबंद पेटीत धूळ खात, हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला तो चपटा डबा. आपल्या मजल्यावरच्या सगळ्या केबल्स त्यात येतात आणि कुठला डेटा कुठे पाठवायचा ते तो ठरवतो. त्याच्या आत एक छोटा कॉम्प्युटरच असतो, आणि तो ज्या प्रोग्रॅमवर चालतो ते त्याचं फर्मवेअर.

कंपनी एखादं मॉडेल विकायचं थांबवते, आणि काही वर्षांनी त्याचं फर्मवेअर दुरुस्त करायचंही थांबवते. त्याला ‘एंड ऑफ लाइफ’ म्हणतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे याला मराठीत काय म्हणायचं ते विचारायला आजीला फोन केला. ती म्हणाली, ‘अगं, म्हणजे रिटायर झाला, मेला नाही.’ बरोबर आहे. फक्त आपण या रिटायर माणसाला चोवीस तास ड्यूटीला ठेवतो आणि त्याचा डॉक्टर मात्र बंद झालेला असतो!

कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? १९७२ साली आलेली बजाज चेतक बघा. २००९ मध्ये कंपनीने स्कूटरच्या धंद्यातूनच बाहेर पडायचं जाहीर केलं, तरी आजही कुठे ना कुठे एखादी चेतक तिरकी करून किक मारणारे काका दिसतातच. खरं आहे. पण चेतकचा पार्ट मिळाला नाही तर लेथवर करून देणारा कारागीर आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. स्विचच्या फर्मवेअरचा सोर्स कोड मात्र कंपनीकडेच असतो. त्यात भोक सापडलं तर ते बाहेरच्या कुणाला बुजवता येत नाही. शिवाय जुनी चेतक रस्त्यात बंद पडली तर एकाच माणसाचा खोळंबा होतो. स्विच दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर अख्ख्या मजल्याचा डेटा त्याच्या हातात जातो, आणि दिवे पूर्वीसारखेच लुकलुकत राहतात.

ही नुसती भीती नाही. २८ मार्च २०१८ रोजी सिस्कोने आपल्या स्विचमधल्या ‘स्मार्ट इन्स्टॉल’ या सोयीतल्या एका गंभीर चुकीची दुरुस्ती जाहीर केली. त्यानंतर अवघ्या ९ दिवसांत, ६ एप्रिलला, या सोयीच्या वाटेने घुसून इराण आणि रशियातल्या स्विचेसची कॉन्फिगरेशन पुसून टाकली गेली. इराणच्या मंत्रालयाने जगभरातला आकडा सुमारे २ लाख सांगितला. आणि गंमत म्हणजे (खरं तर गंमत नव्हे), ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला की रशियन गुप्तचर यंत्रणेचे हॅकर्स तीच २०१८ ची चूक अजून वापरतायत. कुठे? तर दुरुस्ती न केलेल्या आणि एंड ऑफ लाइफ झालेल्या उपकरणांमध्ये. औषध बाजारात येऊन सात वर्षं झाली होती, पण ते द्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं!

आपल्याकडे कोण येतंय, असंही म्हणू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या २७ सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली आणि प्रकरण निगडी पोलिसांत गेलं. तिथे जुना स्विच कारणीभूत होता असं मी अजिबात म्हणत नाही. सांगायचं एवढंच की हल्लेखोरांना आपल्या गावाचा पत्ता माहीत आहे.

मग करायचं काय? एक पार्टी म्हणते, सगळे भंगारात टाका. दुसरी म्हणते, राहू द्या. पहिलीला कॉलेजचं बजेट आणि ई-कचरा दिसत नाही, दुसरीला धोका दिसत नाही. माझं मत असं की त्या मॉडेलसाठी कंपनीने काढलेलं शेवटचं फर्मवेअर आधी टाका. शेवटचं असलं तरी त्यात आधीच्या कित्येक चुका दुरुस्त झालेल्या असतात. आपल्याकडचे बरेच स्विच खोक्यातून काढले त्याच व्हर्जनवर चालतात, असा माझा अंदाज आहे.

हे काम अवघड नाही, पण निगुतीने करावं लागतं. मॉडेल आणि हार्डवेअर रिव्हिजन नीट वाचा. कॉन्फिगरेशनची कॉपी दुसरीकडे ठेवा. फ्लॅशमध्ये जागा आहे का ते पाहा. फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या आणि चेकसम जुळवा. कुठल्या तरी फुकट साइटवरची फाइल मित्राच्या पेनड्राइव्हमधून आणून टाकणं म्हणजे चोराला किल्ली देणं! यूपीएस असू द्या, आणि कृपया गुरुवार टाळा. आपल्याकडे गुरुवारी महावितरणची दुरुस्तीची कामं निघतात. फ्लॅश लिहिली जात असताना लाइट गेली तर स्विच उठणारच नाही. मग कन्सोल केबल लावून ९६०० बॉडने फाइल चढवत बसा. सेकंदाला ९६० बाइट या हिशेबाने १० एमबीला तीन तास लागतात.

पण अपग्रेड झालं म्हणजे सुटलो असं नाही. यापुढे सापडणाऱ्या चुकीला औषध नाही, हे धरूनच चालायचं. म्हणून टेलनेट बंद, स्मार्ट इन्स्टॉल बंद, कंपनीचा मूळ पासवर्ड बंद, आणि स्विचचं मॅनेजमेंट वेगळ्या व्हीलॅनमध्ये, जिथे हॉस्टेलच्या रूममधून पोहोचताच येणार नाही. शिवाय हा डबा कधी बदलायचा ती तारीख कागदावर, सहीनिशी. ‘बघू पुढच्या वर्षी’ ही तारीख नव्हे.

शेवटी एक सूचना. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांत मशीनं पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात. आपल्या वर्कशॉपमध्येही लेथला हार पडतो. त्या जिन्याखालच्या डब्याकडे कुणी बघतही नाही. यंदा त्या दिवशी पेटीचं कुलूप उघडू या. धूळ झटकू, प्रत्येक स्विचचं मॉडेल, व्हर्जन आणि सपोर्ट संपायची तारीख वहीत लिहू. नेटवर्क सांभाळणाऱ्या काकांच्या हाताखाली कॉम्प्युटर आणि ईएनटीसीची चार-पाच मुलं-मुली दिली तर दोन तासांत हॉस्टेल उरकेल. अपग्रेड नंतर, सुट्टी पाहून करता येईल.

रेक्टर सरांना आणि वॉर्डन मॅडमना विनंती एवढीच की त्या दिवशी किल्ली द्यावी. वही मी आणते.