उलटा आटा

मराठी शिकवणाऱ्या माणसाने मोटारीच्या पाट्यांवर लिहावे, हे वाचकांना थोडे खटकेल. मलाही खटकते. पण गेल्या दिवाळीत तळेगाव ढमढेऱ्याला अक्काकडे जे घडले, त्यात माझा हात होता. अगदी शब्दशः होता. तेव्हा कबुली मीच दिलेली बरी.

अक्काच्या गोठ्यात दाजींची जीप उभी आहे. दाजी जाऊन नऊ वर्षे झाली. जीप त्याच्याही आधीपासून पुढून दगडांवर टेकलेली. अमेरिकेत १९४१ साली लष्करासाठी निघालेल्या विलीज जीपचे हे भारतीय नातवंड. १९४५ साली निघालेल्या आणि १९४८ साली ‘महिंद्र अँड महिंद्र’ हे नाव घेतलेल्या कंपनीने ते घराणे आपल्याकडे रुजवले. दाजींच्या जीपचे पुढचे पाटे मात्र गंजून गेले होते.

भाच्याला तिचा ‘हॉट रॉड’ करायचा होता. म्हणजे काय, हे त्याने मला चित्रे दाखवून सांगितले. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून कॅलिफोर्नियातली पोरे भंगारातल्या स्वस्त फोर्ड घेत, मडगार्ड काढून टाकत, नाक खाली आणत आणि सुसाट सोडत. त्या फोर्डना १९४८ पर्यंत पुढे एकच आडवा पाटा असे. आपल्या जीपला दोन, तेही लांबीच्या दिशेने. म्हणजे ती विद्या इथे निम्मी फुकट. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. गाडीच्या मूळ घडणीत मनमानी फेरफार चालत नाही. हे मी समजावून सांगितले. माझ्या वर्गात समास ऐकतात तसे त्याने ते ऐकले. शेवटी मिस्त्रींनी निकाल दिला, “हुती तशी करायची. नायतर मी पाना उचलत न्हाई.”

धनत्रयोदशीच्या सकाळी पुण्याहून आणलेले पोते अंगणात रिकामे झाले. चार पाटे, शॅकलांचा ढीग, मूठभर बुश, सगळे एकाच गंजाच्या रंगाचे. मिस्त्रींनी रॉकेलने एकेक घासायला घेतले. पाट्याची पाने मोजली, मधल्या बोल्टापासून दोन्ही डोळ्यांपर्यंतचे अंतर सुतळीने धरले, डोळ्यात बुश घालून पाहिला. एक पाटा त्यांनी बाजूला टाकला, “ह्यो दुसऱ्या घरचा.” मला जुन्या पोथ्या आठवल्या. कोणते पान कोणत्या प्रतीतले, हे ओळखताना आमचे संशोधक आयुष्य घालवतात. हा गृहस्थ चहा निवायच्या आत मोकळा झाला!

शॅकल म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखा जाड आकडा. त्याचा एक पाय चासीच्या कानात, दुसरा पाट्याच्या डोळ्यात. दोन्ही पायांना आटे, त्यांवर आट्यांचेच बुश. पाटा वरखाली होताना हे आटेच एकमेकांत हलतात, म्हणून त्यांना ग्रीस लागते. एका शॅकलवर बुश चढवण्याचे हलके काम मला मिळाले. दीड फेऱ्यांनंतर बुश अडला. मग मी ते केले जे शिक्षक मठ्ठ विद्यार्थ्याशी करतो. पान्याला लांब नळी लावली आणि जोर केला.

आवाज ऐकून मिस्त्री आले. त्यांनी अंगठ्याने शॅकलचा पाय चाचपला. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा होता.

“सर, ह्यो उलट्या आट्याचा.”

अशा जीपला आठ बुश असतात. सहा सुलट्या आट्यांचे, दोन उलट्या. एक पुढच्या डाव्या पाट्याला, एक मागच्या उजव्या. उलट्या बुशाच्या षट्कोनी डोक्याभोवती खाच असते, शॅकलला हा उंचवटा. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे जन्मभर सायकल चालवलेल्या मला ठाऊक होते. पण ओळखायची पाळी आली तेव्हा मी बोटाऐवजी दंड वापरला. पोत्यात तसा शॅकल एकच होता. त्याचे आटे आता गुळगुळीत झाले होते.

भाच्याला पाडव्याला आईला जीपमधून न्यायचे होते. तो म्हणाला, “वेल्डिंग मारून शिक्रापूरपर्यंत तर जाऊ.”

अक्का करंजीचे पीठ हाताला तसेच ठेवून बाहेर आली. “तुझे वडीलही ‘चालतंय’ म्हणूनच निघाले होते. शिक्रापूरच्या अलीकडं पाटा सुटला अन् गाडी उसात गेली. मी शेजारी होते.” एवढे बोलून ती आत गेली. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितले नव्हते. भाच्यालाही नसावे. वेल्डिंगचा विषय पुन्हा निघाला नाही.

पाडवा तसाच गेला. त्यानंतर तीन रविवार मी पुण्यात भंगाराचे ढीग अंगठ्याने चाचपत हिंडलो. “सगळे सारखेच असतात हो,” एक दुकानदार म्हणाला. चौथ्या रविवारी दाणा हाताला लागला. खाचेचा बुश त्याच ढिगात सापडला.

मिस्त्रींनी दोन्ही बुश आळीपाळीने थोडे थोडे फिरवत बसवले. चासीकडच्या बुशाचे डोके टेकवले. पाट्याकडच्याचे इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतके दूर ठेवले. अगदी आवळले तर शॅकल हलत नाही आणि पाटा तुटतो, म्हणून त्यांनी तो हाताने झुलवून पाहिला. मग दगड काढले. जीपचे नाक किंचित खाली बसले आणि थांबले.

कागदपत्रे अजून व्हायची होती, त्यामुळे गाडी अंगणाबाहेर जाणार नव्हतीच. इंजिनही सुरू झाले नव्हते. अक्काने पदर खोचला आणि ती शेजारच्या जागेवर चढून बसली.