तांबडीची सुट्टी

काय दोस्तांनो, सकाळी पांघरुणातून बाहेर यायचं जिवावर येतंय की नाही? आईची तिसरी हाक आल्याशिवाय पाय जमिनीला लागत नसतील! आमच्याकडे तर विचारूच नका. आमचं गाव नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात. थंडीच्या दिवसांत 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी तुम्ही कधी ना कधी वाचलीच असेल. पारा पाच-सहा अंशांवर आला की इथले द्राक्षबागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात. द्राक्षांना थंडी बाधू नये म्हणून!

माणसं शेकतात, बागा शेकतात. मग परसातल्या कोंबड्यांनी काय करायचं? हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आमच्या छोट्याला पडला. त्यानं त्याचं उत्तर शोधलं, ते साफ चुकलं, आणि त्या चुकीतून आम्ही सगळेच शहाणे झालो. त्याचीच ही हकिकत.

आमच्या परसात तेव्हा सात गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा होता. कोंबड्याचं नाव कोतवाल, कारण पहाटे चारला तो सगळ्या आळीला उठवतो. कोंबड्यांमध्ये तांबडी सगळ्यांत थोराड आणि ठिपकी सगळ्यांत गरीब. अंड्यांचा कारभार ताई आणि छोट्याकडे. रोजची अंडी वहीत मांडायची, घरात लागतील तेवढी ठेवायची आणि उरलेली शेजारीपाजारी विकायची. पैसे एका डब्यात. हा डबा शाळेच्या सहलीसाठी.

ऑक्टोबरात वहीत रोज तीन-चार अंडी दिसत होती. नोव्हेंबर सरता सरता दोनावर आली. डिसेंबरात एक, आणि मग चक्क भोपळा! तांबडीनं तर महिनाभर एकही अंडं दिलं नव्हतं. वर तिची पिसं झडायला लागली. मान उघडी, शेपूट गायब. बिचारी अशी दिसायची, जणू कुणी अर्धी सोलून सोडून दिली आहे.

एका रात्री जेवताना आजी म्हणाली, "ती तांबडी नुसती दाणे खाते. म्हातारी झाली आता. रविवारच्या बाजारात देऊन टाका."

छोट्याचा घास हातातच राहिला. "आजी, तिला थंडी वाजत असेल गं! म्हणून अंडी देत नसेल. मी तिला ऊब देतो, मग बघ तू."

आजीनं त्याच्याकडे पाहिलं. "बरं. संक्रांतीपर्यंत थांबते. मग मात्र माझ्या मागं लागायचं नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर छोट्या कामाला लागला. खुराड्याच्या जाळीला चारी बाजूंनी गोणपाटं बांधली. छपराखालच्या फटींमध्ये चिंध्या कोंबल्या. वरून प्लॅस्टिकचा कागद ओढला. वारा तर सोडाच, मुंगीसुद्धा आत जायची नाही असा पक्का बंदोबस्त! मी पाहिलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास!" असंही म्हणालो. दोस्तांनो, हे मी मुद्दाम सांगतोय. का ते पुढं कळेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी खुराड्याचं दार उघडलं, तर आतून असा उग्र वास आला की डोळ्यांतून पाणीच आलं. प्लॅस्टिकला आतून पाण्याचे थेंब लागले होते. खालचा भुसा ओला झाला होता. दोन कोंबड्या शिंकत होत्या. आणि ठिपकी कोपऱ्यात चोच उघडी टाकून, मान ताणून श्वास घेत होती.

तिला डालग्यात घालून आम्ही तडक जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "खुराडं कसं आहे तुमचं?" छोट्यानं मोठ्या अभिमानानं सगळा बंदोबस्त सांगितला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी छोट्याला समोर बसवलं आणि विचारलं, "तुझ्या अंगाचं तापमान किती?"

"सदतीस अंश," छोट्या म्हणाला.

"कोंबडीचं असतं एक्केचाळीसच्या आसपास. म्हणजे तिच्या पोटात तुझ्यापेक्षा मोठी शेगडी आहे. शिवाय अंगावर पिसांची रजई. थंडी वाजली की ती पिसं फुलवते. पिसांमध्ये हवा अडकते, आणि ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. रात्री दांडीवर बसली की पाय पोटाखाली घेते, चोच पंखात खुपसते. पिसं भरलेल्या मोठ्या कोंबडीला आपल्याकडची कोरडी थंडी सहज सोसते. तिला सोसत नाही ती ओल, आणि अंगावर येणारा झोंबरा वारा."

मग त्यांनी खुराड्यात काय झालं ते समजावलं. कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात, त्यात वाफ असते. त्यांच्या विष्ठेतही पाणी असतं. हवा खेळती असेल तर ही ओल बाहेर जाते. सगळं बंद केलं की ती आतच साठते. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो, डोळ्यांत पाणी आणणारा तो वास त्याचाच. या वायूनं श्वासनलिका सुजते आणि मग रोगाला दार उघडं मिळतं. ठिपकीला आधीच थोडी सर्दी असावी, कोंडलेल्या हवेत ती बळावली.

डॉक्टरांनी औषध दिलं. ठिपकीला इतरांपासून वेगळं ठेवायला सांगितलं. आम्ही तिला पडवीत, कोरड्या भुशावर ठेवलं. छोट्या रात्री दोनदा उठून तिला पाहून आला. पण सकाळी ठिपकी गेलेली होती.

परसाच्या टोकाला खोल खड्डा खणून, चुना टाकून आम्ही तिला पुरलं. छोट्या रडला नाही, नुसता उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "बाबा, मीच मारलं ना तिला?"

काय सांगणार? मी त्याला म्हटलं, "अरे, तू गोणपाटं बांधलीस तेव्हा शाब्बास कोण म्हणालं होतं? मीच ना? मी तर मोठा आहे. मलाही ठाऊक नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नाही. चूक दोघांची. आता उरलेल्या सहा जणींसाठी काय करायचं ते बोल."

त्याच दुपारी आम्ही खुराडं नव्यानं लावलं. गोणपाट फक्त वारा येतो त्या बाजूला ठेवलं. छपराखालच्या फटी मोकळ्या केल्या, म्हणजे वाफ वरून निघून जाईल आणि वारा कोंबड्यांच्या अंगावर येणार नाही. ओला भुसा काढून वखारीतून कोरडा आणला आणि जाड थर दिला. तो रोज खालीवर करायचं काम ताईकडे. संध्याकाळी मूठमूठ मका आणि बाजरी, कारण पोटात दाणे पचत राहिले की रात्रभर अंगात ऊब राहते. सकाळी पाणी कोमट. दोन दिवसांत वास गेला आणि आठवड्यात शिंकाही थांबल्या.

आणि तांबडी? तिचंही डॉक्टरांनीच सांगितलं होतं. "अरे, ती म्हातारी झालेली नाही, सुट्टीवर गेली आहे!"

कोंबडीचं अंडं थंडीपेक्षा उजेडावर जास्त अवलंबून असतं. तिच्या मेंदूला उजेडाची जाणीव होते, आणि दिवस मोठा असेल तर मेंदू 'अंडी दे' असा निरोप धाडतो. भरपूर अंडी देण्यासाठी दिवसाला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरअखेर दिवस असतो जेमतेम अकरा तासांचा! म्हणून मोठ्या पोल्ट्रीवाले दिवे लावून दिवस लांबवतात. त्यात भर म्हणजे साधारण याच सुमाराला जुनी पिसं झडून नवी येतात. पिसं बहुतांशी प्रथिनांची बनलेली असतात. सगळी ताकद पिसांकडे गेली की अंड्यांसाठी उरणार काय?

"मग आपणही दिवा लावू या?" ताईनं विचारलं. आजीच म्हणाली, "नको गं. कोरड्या भुशाशेजारी तापलेला दिवा म्हणजे आगीला आवतण. आणि दमलेल्या जिवाला विश्रांती नको का?" आजी तांबडीच्या बाजूनं बोलतेय हे पाहून आम्ही सगळेच गप्प झालो! मुलांनी तांबडीला शेंगदाण्याची पेंड, थोडी सुकट आणि उकिरड्यातल्या अळ्या अशी मेजवानी सुरू केली.

संक्रांत आली. तिळगूळ झाला, पण अंडं नाही. छोट्या आजीसमोर जाऊन उभा राहिला. आजी परसात गेली, तांबडीला उचलून तिची पिसं उलटी फिरवून पाहिली. मानेवर नवी, चकचकीत पिसं आली होती. "हं," आजी म्हणाली, "शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते म्हणतात. तोवर राहू दे."

फेब्रुवारीत तांबडीचा तुरा पुन्हा लालभडक झाला. आणि बरोबर महाशिवरात्रीच्या सकाळी खुराड्यात 'कॉक कॉक कॉकॅक' असा गलका झाला. छोट्या धावत गेला आणि गरम गरम अंडं ओंजळीत घेऊन थेट आजीकडे! "आजी, हे तुझं! पहिलं अंडं तुलाच!"

आजीनं कपाळाला हात लावला. "अरे पोरा, आज माझा उपास!"

वहीत त्या दिवसापुढं '१' लिहिलाय. आणि डिसेंबरच्या त्या पानावर छोट्यानं एक ओळ लिहून ठेवली आहे : 'ठिपकी. आधी विचारायचं.' ती ओळ त्यानं खोडलेली नाही. आम्हीही नाही.

दोस्तांनो, माया सगळ्यांनाच असते. पण ज्याच्यावर माया करायची त्याला काय हवं आहे, हे त्याच्याकडून किंवा जाणत्या माणसाकडून समजून घ्यावं लागतं. आपल्याला रजई आवडते म्हणून कोंबडीला आवडेलच असं नाही!

हे लक्षात ठेवा

- पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना पिसं नसतात. आईविना वाढणाऱ्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण पस्तीस अंशांची ऊब लागते. ती व्यवस्था मोठ्यांनीच करावी.
- खुराड्यात डोकं घालून वास घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर कोंबड्यांचेही चुरचुरत असणार.
- मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्या. या रोगाला राणीखेत असंही म्हणतात.
- बऱ्याच कोंबड्या एकाएकी मेल्या तर हात लावू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरांना कळवा. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे आईबाबांना आठवत असेल. एरवीही कोंबड्यांना हाताळल्यावर साबणानं हात धुवा.

करून पाहा : घरातल्या दिनदर्शिकेत सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा असतात. आजपासून दर रविवारी दिवस किती तासांचा होता ते वहीत मांडा. कोंबड्या असतील तर शेजारी अंडीही मांडा. दोन्ही आकडे कसे चालतात ते पाहा आणि आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात, अशाच एखाद्या परसात!