ग्रामसभा वेशीपाशी का अडते?

यंदा पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती उरले, हे मोजायचे आणि मगच कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे, हा हिवरेबाजारचा शिरस्ता. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने श्रमदानाचा असाच पायंडा पाडला. दोन्ही गावे नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातलीच. पण अहिल्यानगर शहराची वेस ओलांडली, की लोकांना विचारण्याची ही रीत बाहेरच राहते.

शहरातल्या वस्तीतला पर्यावरणाचा प्रश्न वाघ वाचवण्याचा नसतो. एप्रिलमध्ये डोक्यावरचा पत्रा असा तापतो, की दुपारी घरात बसवत नाही. पावसाळ्यात गटार तुंबले, की तेच पाणी उंबरा ओलांडते. पाणी नेमके कुठे अडते, हे सांगायला तज्ज्ञांची समिती कशाला? दरवर्षी ते तांब्यांनी उपसणाऱ्या बाईला विचारावे.

याच शहरातल्या संजयनगरात मात्र तसे विचारले गेले. २९८ कुटुंबांच्या या झोपडपट्टीचे पुनर्वसन आहे त्याच जागेवर करण्यासाठी महापालिकेसोबत कम्युनिटी डिझाइन एजन्सी आणि करी स्टोन फाउंडेशन पुढे आले. घरांचा आराखडा रहिवाशांशी बोलून ठरला. गल्लीत बसून लसूण सोलायचा, शेजारणीच्या पोरावर नजर ठेवायची, पापड वाळत घालायचे. ही कामे बंद दारांच्या इमारतीत कुठे करायची? म्हणून इमारती मोकळ्या अंगणांभोवती आखल्या, घरात वारा आणि उजेड खेळेल हे पाहिले. सरकारी घरकुलांच्या नकाशात हा लसूण सहसा नसतो.

अशा कामाला वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. शिवाय प्रत्येक वस्तीच्या दारात एखादे फाउंडेशन येऊन उभे राहणार नाही.

मात्र त्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या हव्यात, असे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितले. २०११ च्या जनगणनेत नगर शहर साडेतीन लाखांवर होते. मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद राज्याने २००९ मध्ये केली. ती राज्यभर बहुतांशी कागदावरच पडून आहे, कारण हिशेब मागणारी सभा भरवण्याची हौस कोणत्याच पक्षाला नाही.

महापालिकेने सुरुवात नालेसफाईपासून करावी. निविदा काढण्याआधी ओढ्याकाठच्या वस्तीत सभा घ्यावी, तुंबणाऱ्या जागा तिथेच नकाशावर उतरवून घ्याव्यात. काम झाल्यावर ठेकेदाराचे बिल त्याच सभेत मोठ्याने वाचावे आणि मगच त्यावर सही करावी.